समेवर पाय: चार बटणांच्या मिडी पेडलवर लाइव्ह लूपिंग

पेटी वाजवत गाणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, एक भात्यावर आणि एक पट्ट्यांवर. लॅपटॉपमधल्या लूपरला, म्हणजे वाजवलेला तुकडा भरून घेऊन पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या सोयीला, ‘आता घे’, ‘आता थांब’ हे सांगायला उरतो तो पाय. पण पाय हाताइतका नेमका नसतो, आणि आपल्या संगीतात ही चूक लपत नाही. आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, अर्ध्या मात्रेनं जरी लांबलं, तरी दुसऱ्याच फेरीला सम (आवर्तनाची पहिली मात्रा) हलते आणि पहिल्या रांगेत ताल धरून बसलेल्या माणसाचा मांडीवरचा हात थांबतो.

म्हणून कोणतं मिडी पेडल (लॅपटॉपला सूचना पाठवणारी पायाची बटणं) घ्यावं यापेक्षा पाय कधी टाकावा, याला इथे जास्त जागा दिली आहे. बडोद्यात दांडिया बाजारच्या गणपतीपुढे अभंग म्हणणारा माणूस पुढे नवरात्रात शेरी गरब्यातही माइक धरतो, त्यामुळे दोन्हींचा विचार केला आहे. सॉफ्टवेअर अ‍ॅबल्टन लाइव्ह धरलं आहे आणि त्यातलं लूपर हे डिव्हाइस. लाइव्हच्या वेगवेगळ्या आवृत्त्या मिळतात, तेव्हा आपल्या आवृत्तीत लूपर आहे का ते आधी बघून घ्या. मोफत मिळणारा सूपरलूपर किंवा रीपरमधला सुपर-एट वापरत असाल तर बटणांची नावं बदलतील, तालाचं गणित तेच राहील.

पेडल

सुरुवातीला चार बटणं पुरे. दहा बटणं असली की गाता गाता नजर खाली जाते आणि लक्ष सुरावरून उडतं. चार बटणं पाय न बघता ओळखतो. दोन बटणांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, किमान ७५ मिलिमीटर हवं. त्याहून कमी असेल तर अंगठ्याबरोबर शेजारचं बटणही दाबलं जातं.

बटण मोमेंटरी प्रकारचं हवं, म्हणजे दाबलं की चालू आणि सोडलं की बंद. एकदा दाबलं की चालूच राहणारं लॅचिंग बटण इथे चालत नाही. लाइव्हच्या लूपरमधलं मोठं गोल बटण पायाने चालवताना तीन गोष्टी ओळखतं: एकदा दाबणं, पटकन दोनदा दाबणं आणि दोन सेकंद दाबून धरणं. पटकन दोनदा दाबलं की लूप थांबतो. वाजत असताना दाबून धरलं की शेवटचा थर मागे घेतला जातो, आणि थांबलेला असताना दाबून धरलं की सगळं पुसलं जातं. लॅचिंग बटणाचा ‘बंद’ संदेश पुढच्या दाबेपर्यंत जातच नाही. लूपरला वाटतं तुम्ही पाय ठेवूनच उभे आहात, आणि तो थर मागे घेतो. ‘आपोआप पुसलं जातं’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते.

दुसरी अट, पेडलने नोट किंवा कंट्रोल चेंज या प्रकारचा मिडी संदेश पाठवावा. काही पेडल कारखान्यातून प्रोग्रॅम चेंज पाठवायला लावलेली येतात, आणि लाइव्हमध्ये प्रोग्रॅम चेंज बटणाला जोडता येत नाही. पेडलच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बदला. चार बटणांना ६० ते ६३ या नोट आणि चॅनल १६ दिलं की पुढे घोळ होत नाही. कंट्रोल चेंजच वापरायचा असेल तर १०२ ते ११९ हे आकडे मोकळे आहेत. १२० आणि त्यापुढच्यांना हात लावू नका, ते ‘सगळे आवाज बंद’ अशा कामांसाठी राखलेले आहेत.

सोल्डरिंग येत असेल तर पेडल घरीही होतं. प्रो मायक्रो बोर्ड घ्या. त्यातली एटीमेगा ३२यू४ चिप लॅपटॉपला थेट यूएसबी मिडी म्हणून दिसते. साध्या अर्डुइनो उनोच्या मुख्य चिपला ते जमत नाही. चार स्विचांचा एकेक पाय एकत्र करून ग्राउंडला आणि दुसरे पाय २, ३, ४, ५ या पिनांना जोडा. चिपमधलाच पुल-अप चालू केला की बाहेरून रेझिस्टर लावावा लागत नाही, मात्र मग बटण दाबल्यावर पिनवर शून्य वाचलं जातं, हे प्रोग्रॅम लिहिताना ध्यानात ठेवा. स्विचमधली पत्री दाबताना काही मिलिसेकंद थरथरते. पहिला बदल दिसल्यावर पुढचे १५ मिलिसेकंद त्या पिनकडे दुर्लक्ष करायला सांगा, नाहीतर एक दाब दोन समजला जाऊन लूप मध्येच थांबतो. नोट पाठवल्यावर लगेच फ्लशची आज्ञा द्या, ती राहिली की संदेश अडकून बसतो.

वरचा पत्रा २ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा घ्या आणि स्विचसाठी १२ मिलिमीटरची भोकं पाडा. थेट प्लायवर स्विच बसवायला गेलात तर त्याच्या गळ्याचे आटे पुरत नाहीत आणि नट लागत नाही. प्रो मायक्रोचं यूएसबी सॉकेट नाजूक असतं, केबलला हिसका बसला की बोर्डावरून उखडून येतं. डब्याच्या आत केबलला एक टाय मारून ठेवा, म्हणजे ओढ डब्यावर येईल.

यूएसबी केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची. लॅपटॉप त्याहून लांब असेल तर पाच पिनांच्या जुन्या मिडी केबलचं पेडल घ्या, ती १५ मीटरपर्यंत चालते. ब्लूटूथ घरी ठीक आहे. मंडपात शेकडो मोबाइल जवळजवळ असताना त्यावर विसंबू नका.

बैठकीत पाय कुठे ठेवायचा

पेडलं बनवणाऱ्यांनी उभा गिटारवादक डोळ्यांसमोर धरलेला असतो. आपण मांडी घालून बसतो, आणि मांडी घातलेल्या पायाने बटण दाबलं जात नाही. मार्ग दोन आहेत. गुडघ्याएवढ्या उंचीच्या स्टुलावर बसून पेटी स्टँडवर घ्यायची, किंवा चौरंगावर बसून डावा पाय दुमडायचा आणि उजवा पुढे सोडायचा. दुसऱ्या पद्धतीत पेडल पेटीच्या उजव्या कडेला, साधारण २० अंशांच्या उतारावर ठेवा. टाच जमिनीवरच राहिली पाहिजे. टाच उचलून दाबायला गेलात की शरीराचा तोल बदलतो आणि श्वास तुटतो.

मंचावर अनवाणी बसायचं असल्याने धातूच्या टोकाचं बटण बोचतं. त्यावर रुंद प्लॅस्टिकची टोपी बसवा. पेडल १२ मिलिमीटर प्लायच्या फळीवर पक्कं करून खाली रबर आणि त्याखाली फोमची पट्टी लावा. नुसतं ठेवलेलं पेडल सतरंजीवर पुढे पुढे सरकतं, शिवाय बटणाचा ‘टक’ आवाज लाकडी मंचातून माइकपर्यंत पोचतो.

आवाजाची जोडणी

दोन इनपुट आणि दोन आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा आणि परत आणणारा डबा, पुरतो. विंडोजवर त्याचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर टाका. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्‌झ, बफर (एका वेळी साठवून पुढे पाठवायचे सॅम्पल) १२८. एवढ्या बफरला एका बाजूने २.७ मिलिसेकंद लागतात. जाऊन-येऊन, बाकीचे उशीर धरून, हा आकडा बऱ्याच यंत्रांवर दहाच्या आसपास जातो. मिडीचा उशीर यात नगण्य असतो, जुन्या पाच पिनांच्या केबलवरही एका नोटला एक मिलिसेकंदापेक्षा कमी वेळ लागतो. तेव्हा ‘पेडल उशिरा लागतं’ असं वाटलं की पेडल बदलण्याआधी बफर तपासा.

उशीर मोजायची घरगुती पद्धत अशी. पहिल्या लूपमध्ये टाळेचे मोजके, स्वच्छ ठोके घ्या. मग हेडफोनचा एक कप माइकला टेकवा आणि तोच आवाज दुसऱ्या लूपमध्ये रेकॉर्ड करा. आता दोन्ही लूप एकत्र वाजवा. टाळ एकच ऐकू आली तर काम ठीक आहे. ‘ट्-टक’ अशी दुहेरी ऐकू आली तर बफर ६४ करून पाहा. आवाजात कडकड यायला लागली तर परत १२८ वर या आणि वाय-फाय, मागे चालणारे कार्यक्रम आणि बॅटरी वाचवणारी सेटिंग बंद करा. हा उशीर प्रत्येक थराला बसतो. पहिल्या थराकडे कान ठेवून वाजवलं तर सगळे थर सारखेच मागे राहतात. प्रत्येक वेळी नव्या थरावर विसंबलात तर तो साचत जातो आणि चौथ्या थराला ठेका लंगडतो.

आपला जिवंत आवाज लॅपटॉपमधून फिरवून ऐकू नका. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर बटण मोनोवर चालू ठेवा, आणि प्रत्येक लूपरमध्ये इनपुट टू आउटपुट हा पर्याय ‘नेव्हर’वर ठेवा, म्हणजे लूपर फक्त भरलेला आवाज सोडेल. हे राहून गेलं तर गळा दुहेरी, डब्यातून आल्यासारखा ऐकू येतो. ट्रॅकचं मॉनिटर मात्र ‘इन’वर असलं पाहिजे, नाहीतर लूपरपर्यंत आवाज पोचतच नाही.

मेट्रोनोम श्रोत्यांना ऐकू जाता कामा नये. दोनच आउटपुट असतील तर लाइव्हच्या आउटपुट कॉन्फिगमध्ये १ आणि २ हे वेगळे मोनो करा. मुख्य आउटपुट १ वर, क्यू आउटपुट (मेट्रोनोम यातून जातो) २ वर. साउंडवाल्याला फक्त डावी, म्हणजे १ नंबरची केबल द्या. बहुतेक छोट्या इंटरफेसचा हेडफोन हेच दोन आउटपुट ऐकवतो, त्यामुळे तुमच्या डाव्या कानात गाणं आणि उजव्या कानात ठोका येतो.

लूपर लावणं

तीन ऑडिओ ट्रॅक करा: टाळ-ढोलकीचा, पेटीचा, गळ्याचा. प्रत्येकावर स्वतंत्र लूपर टाका. एकाच लूपरमध्ये सगळे थर चढवायचे नाहीत. तसं केलं की गळ्यातली चूक काढताना हिशेब चुकतो आणि ठेकाही जातो.

मिडीच्या सेटिंगमध्ये पेडलच्या इनपुटपुढे फक्त ‘रिमोट’ चालू करा, ‘ट्रॅक’ आणि ‘सिंक’ बंद. मग कंट्रोल आणि एम दाबून मॅपिंग उघडा (मॅकवर कमांड आणि एम). पहिल्या लूपरच्या मोठ्या बटणावर क्लिक करा, पेडलचं पहिलं बटण दाबा. तसंच दुसरं, तिसरं. चौथं बटण तिन्ही लूपरच्या ‘स्टॉप’ला जोडा, एक नोट अनेक ठिकाणी जोडता येते. पुन्हा कंट्रोल आणि एम दाबून बाहेर या.

तालासाठी टाइम सिग्नेचरचा वरचा आकडा म्हणजे मात्रा आणि खालचा कायम ४. त्रितालाला १६/४, झपतालाला १०/४, केरव्याला ८/४, रूपकाला ७/४, दादऱ्याला ६/४. लाइव्ह हे सगळं घेतं. आता त्याच्या दृष्टीने एक बार म्हणजे एक आवर्तन, आणि मेट्रोनोमचा वरचा ठोका बरोबर समेवर पडतो. बीपीएम म्हणजे मिनिटाला मात्रा. ८४ लयीत रूपकाचं आवर्तन ५ सेकंदांचं, १२० लयीत त्रितालाचं ८ सेकंदांचं.

पुढच्या सेटिंग्ज तिन्ही लूपरना सारख्याच. वरचं ग्लोबल क्वांटायझेशन (दाब पुढच्या ठरलेल्या जागेपर्यंत थोपवून धरणं) एक बार, लूपरचं ‘ग्लोबल’. रेकॉर्ड लेंथ एक बार. टेम्पो कंट्रोल ‘फॉलो’, लय ठरवणारा पर्याय नाही. साँग कंट्रोल ‘नन’, नाहीतर एक थर थांबवल्यावर अख्खं गाणं थांबेल. रेकॉर्ड झाल्यावर काय करायचं ते अधिकच्या चिन्हावर ठरतं: गळ्याला ‘प्ले’ ठेवा. पेटीला ‘ओव्हरडब’ (वर नवा थर चढवत राहणं) ठेवणं बरं, कारण पेटीचा शेवटचा सूर समेच्या पुढे रेंगाळतो आणि ‘प्ले’ असेल तर कात्रीने कापल्यासारखा तुटतो. त्यासाठी पेटीला एक जादा दाब द्यावा लागेल.

पाय कधी टाकायचा

समेवर दाबायला जाऊ नका. क्वांटायझेशन चालू असताना तुम्ही नेमके समेवर आलात आणि निमिषभर मागे राहिलात, तर सॉफ्टवेअर पुढच्या समेची वाट बघत बसतं. त्रितालात सोळा मात्रा हवेत जातात. तांत्रिकदृष्ट्या आधीच्या आवर्तनात कुठेही दाबलं तरी चालतं, पण फार आधी दाबलं की मन मात्रा सोडून देतं. तालाची शेवटची टाळी ही पायाची जागा ठरवा. त्रितालात तेरावी मात्रा, झपतालात आठवी, रूपकात सहावी. केरव्यात ‘खाली’नंतरची (टाळी न देता हात झटकायच्या मात्रेनंतरची) सातवी, दादऱ्यात पाचवी. हाताने टाळी देतो तशी ही टाळी पायाने द्यायची, आणि लगेच पाय उचलायचा.

रेकॉर्ड लेंथ ठरवून ठेवल्यामुळे बंद करायला दुसरा दाब लागत नाही. यात पायाची सोय आहेच, शिवाय बंद करायचा दाब आवर्तनाच्या आत पडला असता आणि त्याचा ‘टक’ लूपमध्ये कायमचा बसला असता, तेही टळतं.

आता मुखडा, म्हणजे समेवर आणून सोडणारा ओळीचा भाग. मध्यलयीतल्या पुष्कळ त्रितालाच्या बंदिशी नवव्या मात्रेवरून उठतात आणि समेवर येतात. नवखा माणूस समेपासून रेकॉर्ड करतो, ओळ आठव्या मात्रेवर संपवतो आणि उरलेलं आवर्तन गप्प बसतो. लूप फिरल्यावर सम आधाराशिवाय कोसळल्यासारखी येते. नीट क्रम असा. नववीपासून मुखडा नुसता गा, रेकॉर्ड न करता. गाता गाताच तेरावीवर पाय टाका. सम येते, रेकॉर्डिंग सुरू होतं, आणि तुमचा समेवर टेकलेला सूर लूपचा पहिला आवाज बनतो. ओळ पुरी करा आणि नववीपासून मुखडा पुन्हा गा, या वेळी लूपच्या पोटात. पुढच्या समेला लूप आपोआप मिटतो आणि आतला मुखडा स्वतःच्याच समेवर येऊन टेकतो. दुसऱ्या मुखड्याचा शेवटचा स्वर मात्र समेच्या अर्धी मात्रा आधी सोडा. समेचा सूर लूपमध्ये आधीच आहे.

हे पेडलशिवाय पाठ करा: हातावर ठेका, तोंडाने बोल, पायाने शेवटची टाळी. रोज वीस मिनिटं, पंधरा दिवस. हातावर ताल धरता येत नसेल तर आधी तबल्याच्या वर्गात बसा. बडोद्यात त्याची वाण नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात १८८६ साली सुरू झालेली गायनशाळा आज विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्‌स फॅकल्टीच्या रूपाने सूरसागरापाशी उभी आहे.

तंबोरा लूपमध्ये घेऊ नका. त्याच्या तारांची फेरी तालाशी जुळत नाही आणि दर आवर्तनाला एक गचका बसतो. इलेक्ट्रॉनिक तंबोरा सरळ मिक्सरला द्या. विलंबित ख्यालही लूपरवर नकोच. लाइव्हची लय मिनिटाला २० ठोक्यांखाली जात नाही, ती अडचण मात्रेचे चार भाग करून सुटते. पण विलंबितातली लय तबलजीशी बोलत हलते, आणि घड्याळाला बांधली की ती गायकी उरत नाही. अभंग, भजनी ठेका, भावगीत, मध्यलयीची बंदिश, यांत लूपर शोभतो.

गरब्यासाठी वेगळी मांडणी

गरब्यात लय चढत जाते, आणि लूपर हा टेपसारखा आहे: लय वाढवली की सूरही चढतो. ९० ची लय १०० केली तर काळी एकमध्ये भरलेला लूप जवळजवळ काळी दोनला पोचतो, आणि तुम्ही मात्र काळी एकमध्येच गात राहता. म्हणून गरब्याला लूपर न वापरता सेशन व्ह्यूमधले क्लिप वापरा. ट्रॅक आर्म करा (रेकॉर्डिंगसाठी तयार ठेवा), पेडलचं बटण रिकाम्या क्लिपच्या जागेला जोडा. शेवटच्या टाळीच्या जागी एकदा दाबलं की समेपासून रेकॉर्ड, पुढच्या आवर्तनात तिथेच दाबलं की समेपासून वाजणं. क्लिपचं वॉर्प (सूर न हलवता लय बदलणं) चालू ठेवा, ढोलाला ‘बीट्स’, गळ्याला ‘कॉम्प्लेक्स’. मग लय दोन-दोन ठोक्यांनी वाढवली तरी पट्टी जागची हलत नाही. गरब्याचा हींच हा ताल सहा मात्रांचा, म्हणून ६/४.

मंचावर काय बिघडतं

थर वाढतात तसा आवाज वाढतो. सारख्याच जोराचे आठ थर पहिल्यापेक्षा साधारण ९ डेसिबल वर जातात. पहिला थर मीटरवर उणे १२ च्या आसपास ठेवा, तरच शेवटच्या थरापर्यंत जागा उरते. समोरचा स्पीकर माइकमध्ये शिरला तर जुना लूप नव्या लूपमध्ये पुन्हा भरला जातो आणि सगळं गढूळ होतं. मॉनिटर स्पीकर बंद ठेवा, हेडफोनवर गा, आणि गळ्याच्या ट्रॅकवर लूपरच्या आधी १०० हर्ट्‌झखालचं कापा.

लॅपटॉपचा चार्जर लावला की ५० हर्ट्‌झची घुमघुम येते, काढला की जाते. असं असेल तर दोष अर्थिंगच्या फेऱ्यात आहे. इंटरफेस आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स लावून त्यावरचा ग्राउंड लिफ्ट दाबा. प्लगची अर्थची पिन कधीही तोडू नका, मंडपात जनरेटरवर तर मुळीच नाही.

पेडलची केबल कुणाच्या पायात येऊन निघाली तरी लूप वाजत राहतात, फक्त थांबवता येत नाहीत. म्हणून कंट्रोल आणि के दाबून तीच चार कामं लॅपटॉपच्या १, २, ३, ४ या कळांनाही जोडून ठेवा.  ही जोडणी त्या त्या सेटमध्येच साठवली जाते, तेव्हा प्रत्येक तालाचा रिकामा सेट वेगळ्या नावाने जतन करा. कार्यक्रमाला निघण्याआधी पेडल नेहमीच्याच यूएसबी खाचेत लावून, चारही बटणं दाबून बघा. खाच बदलली की काही लॅपटॉप ते नवीन यंत्र समजतात आणि ‘रिमोट’ बंद झालेलं असतं.